फळांचा थंड हर्बल चहा: पातेल्यात झकास, ग्लासात पाणचट

पातेल्यातून चमचाभर काढून चाखला की झकास लागतो. रंग लालभडक, वास स्वयंपाकघरभर. मग तोच चहा गार होतो, ग्लासात बर्फ पडतो, वर दोन स्ट्रॉबेरी आणि पुदिन्याचं पान जातं, आणि पहिल्याच घोटाला कळतं की आपण रंगीत पाणी पितोय.

पुढच्या वेळी मी चहा जास्त वेळ मुरवला. पाच मिनिटांऐवजी वीस. पहिल्या घोटाला तो पाणचट लागला नाही, कडवट लागला. अर्धा ग्लास संपेपर्यंत मात्र कडवट आणि पाणचट दोन्ही एकदम लागायला लागला, जे कसं शक्य आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं. त्याच्या पुढच्या वेळी साखर वाढवली. तेव्हा सरबत झालं, चहा त्यात कुठे सापडेना.

असे दोन उन्हाळे गेले. दर वेळी चूक वेगळी वाटायची आणि दर वेळी मी भलत्याच गोष्टीवर उपाय करत होतो. खरी गोम अशी की मी चहा गरम असताना चाखून ‘जमला’ म्हणायचो आणि मग त्यात पाणी घालायचो. बर्फ म्हणजे पाणी हे कोणालाही माहीत असतं. किती पाणी, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

आधी तीन घोट

काहीही बदलण्याआधी, आत्ता करता तसाच चहा एकदा करा आणि तीनदा चाखा. पहिला घोट गाळल्याबरोबर, गरम असताना. दुसरा, चहा फ्रीजमध्ये पूर्ण गार झाल्यावर, बर्फाशिवाय. तिसरा, बर्फ टाकून दहा मिनिटं झाल्यावर. तिन्ही वेळा साखर घालू नका, नाहीतर काही कळणार नाही.

पहिलाच घोट फिका असेल तर चहाचा माल कमी पडलाय किंवा जुना झालाय. चिमूटभर पानं तळहातावर चोळून पाहा. वास आला नाही तर ती चहातही काही देणार नाहीत. पहिला चांगला आणि दुसरा मिळमिळीत लागला तर तो गारव्याचा परिणाम. थंड पदार्थातला गोडवा जिभेला कमी जाणवतो आणि वास उडून नाकापर्यंत पोचत नाही. आंबटपणा मात्र गारव्यात फारसा लपत नाही. त्यामुळे गरम असताना तोललेली चव गार झाल्यावर आंबटाकडे झुकते. दुसरा घोट बरा आणि तिसरा वाईट, तर दोष बर्फाचा. पहिला घोट ठीक आणि दुसरा कडू लागला तर चहाच्या जगमध्ये काहीतरी राहून गेलंय जे अजून अर्क सोडतंय: लिंबाची चकती, पुदिन्याच्या काड्या किंवा काढायची विसरलेली पुडी (टी-बॅग).

माझ्या बाबतीत तिसरा घोट दोषी निघाला. बहुतेकांच्या बाबतीत तोच निघेल असं मला वाटतं, कारण बर्फाचा हिशेब आपल्या अंदाजापेक्षा फारच मोठा असतो.

बर्फाचा हिशेब

शाळेत वितळणाचा अप्रकट उष्मा शिकलो होतो, परीक्षेपुरता. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. आता अर्धा लिटर चहा घ्या, ९० अंश सेल्सिअसचा, आणि तो थेट बर्फावर ओतून ५ अंशांवर आणायचाय. म्हणजे ८५ अंश उतरवायचे, दर ग्रॅमला दर अंशामागे एक कॅलरी. ५०० गुणिले ८५, झाल्या ४२,५०० कॅलरी. फ्रीझरमधला बर्फ उणे १८ अंशांचा धरला तर त्याचा एक ग्रॅम शून्यावर यायला ९, वितळायला ८० आणि तिथून ५ अंशांवर यायला ५, अशा ९४ कॅलरी शोषतो. भागाकार केला की उत्तर येतं साधारण ४५० ग्रॅम.

अर्धा लिटर चहात जवळजवळ अर्धा लिटर पाणी! मी कपभर चहाच्या प्रमाणात केलेला चहा निम्मा पातळ करून पीत होतो आणि वर पुडीच्या कंपनीला नावं ठेवत होतो.

तोच चहा आधी खोलीत २८ अंशांपर्यंत निवू दिला तर ५ अंशांवर आणायला सव्वाशे ग्रॅमच्या आत बर्फ वितळतो. म्हणजे चौथा हिस्सा पाणी. आणि फ्रीजमधून पूर्ण गार काढलेल्या चहात बर्फ टाकला तर तो फक्त ग्लासाची आणि हवेची उष्णता घेतो, सावकाश वितळतो, आणि पिऊन होईपर्यंत फारसं बिघडत नाही.

तेव्हा आधी ठरवा की गार कसं करणार, मग प्रमाण ठरवा. घाई असेल आणि गरम चहा बर्फावरच ओतायचा असेल तर तितक्याच मालाला पाणी निम्मं घ्या. निवलेल्या चहात बर्फ टाकणार असाल तर माल सव्वापट. फ्रीजमध्ये गार करणार असाल तर जवळजवळ नेहमीचं प्रमाण, पण गारव्यात चव दबते म्हणून थोडं चढं. बर्फाच्या ट्रेमध्ये चहाच ओतून त्याचे खडे करणं हाही उपाय आहे आणि चांगला आहे, फक्त तो आदल्या दिवशी सुचायला हवा.

माझं सध्याचं माप: सुकी पानं, फुलं, फळांचे तुकडे मिळून १२ ते १४ ग्रॅम, उकळतं पाणी ५०० मिली, बर्फ ४५० ग्रॅम. यातून सुमारे ९०० मिली चहा होतो. थोडं पाणी चोथा पिऊन टाकतो. गाळल्यावर, बर्फाआधी, हा अर्क चाखला तर तोंड वाकडं व्हायला हवं. सरळ प्यावासा वाटला तर तो पातळ आहे.

माल चमच्याने मोजू नका, वजन करा. कॅमोमाइलची फुलं इतकी हलकी असतात की चमचा शिगोशीग भरून एक-दीड ग्रॅम येतं. सुक्या रोझहिपचा, म्हणजे जंगली गुलाबाच्या फळाचा, तोच चमचा कितीतरी जड भरतो. मोजणीचा काटा नसेल तर पुड्या वापरा. पुडीत साधारण दीड ते अडीच ग्रॅम माल असतो आणि तो कपभर गरम चहासाठी बेतलेला असतो. त्यावरून पुढचा हिशेब करता येतो.

वेळ वाढवली की काय होतं

पाणचट चहाला पहिला उपाय म्हणून सगळे वेळच वाढवतात. मीही तेच केलं होतं. अडचण अशी की पानातून सगळं एकाच वेगाने उतरत नाही. रंग, आंबटपणा आणि सुवास पहिल्या काही मिनिटांत येतात. त्यानंतर पाण्यात जे येत राहतं त्यात कडवट आणि तुरट भागच जास्त असतो. वीस मिनिटं मुरवलेल्या कॅमोमाइलमध्ये पाच मिनिटांच्या चौपट सुवास नसतो, कडवटपणा मात्र भरपूर असतो. मग त्यात बर्फ वितळला की सुवास पातळ होतो आणि कडू चव मागे रेंगाळते. कडवट आणि पाणचट एकदम कसं, याचं उत्तर हे.

म्हणून माल वाढवा, वेळ तीच ठेवा.

पण प्रत्येक जिनसाची वेळ वेगळी असते. कॅमोमाइलला पाच मिनिटं पुरतात. पुदिना आणि गवती चहा पाच ते सात. सुकलेलं सफरचंद, रोझहिप, आल्याचे काप हे टणक गडी. त्यांना बारा-पंधरा मिनिटं द्या, त्यांना कडू व्हायची घाई नसते. हे सगळं एकत्र टाकून एकच वेळ लावली तर कोणावर तरी अन्याय होणारच. मी टणक जिनसा आधी टाकतो, झाकतो, आणि शेवटच्या पाच मिनिटांत नाजूक पानंफुलं घालतो. तयार मिश्रणाच्या पुडीत ही सोय नसते; तिथे आठ मिनिटांवर थांबतो.

झाकण ठेवाच. पुदिन्याचा किंवा गवती चहाचा वास म्हणजे उडून जाणारं तेल. पाच मिनिटांनी झाकण उचलून उलटं करा आणि आतल्या बाजूला जमलेले थेंब हुंगून पाहा: चहापेक्षा तेच जास्त घमघमतात. ते थेंब ओट्यावर सांडू नका, परत पातेल्यात उतरवा. मी झाकणावर थोडं गार पाणी ठेवतो, म्हणजे वाफ तिथेच धरते.

गाळताना पुडी किंवा चोथा पिळायचा मोह होतो. शेवटच्या त्या दोन चमच्यांत गाळ आणि तुरटपणाच जास्त असतो.

एक आणखी बघा: पाकिटावर मोठ्या अक्षरांत पीच किंवा बेरी लिहिलेलं असलं तरी घटकांच्या यादीत काळा किंवा हिरवा चहा आहे का. असेल तर वरच्या वेळा विसरा. चहाच्या झाडाची पानं तीन-चार मिनिटांतच तुरट होऊ लागतात, आणि काळा चहा कडक करून एकदम गार केला की ढगाळ होतो. तो दोष तुमच्या फळांचा नसतो.

फळं तरंगतात, पण चवच देत नाहीत

फोटोत दिसतात तशी फळं ग्लासात टाकून चहा फळांचा होत नाही. सफरचंदाची चकती दोन तास गार चहात ठेवा आणि मग चहा चाखा; फरक ओळखू आला तर तुमची जीभ माझ्यापेक्षा चांगली. रस पेशींच्या आत बंद असतो, बाहेर साल असते, आणि गार पाण्यात तो बाहेर यायला काही कारणच नसतं. उलट फळच चहा पितं आणि फिकं पडतं.

रस बाहेर काढावा लागतो, आणि सगळ्यात सोपी हत्यारं दोन: साखर आणि फ्रीझर.

२०० ग्रॅम स्ट्रॉबेरी बारीक चिरा, त्यावर ४० ग्रॅम साखर भुरभुरवा, हलवा आणि झाकून ठेवा. दहा मिनिटांत फोडी ओलसर, चकचकीत दिसतात. अर्ध्या-पाऊण तासाने भांडं तिरकं केलं की तळाशी गडद लाल पाक साचलेला दिसतो आणि फोडी आकसून मऊ झालेल्या असतात. साखरेने पेशींतलं पाणी ओढून घेतलेलं असतं, आणि त्याबरोबर रंग आणि वास आलेला असतो. काट्याने चेचा, जाड गाळणीतून गाळा, आणि हा पाक गार चहात मिसळा. वरच्या ९०० मिलीला एवढा पुरतो आणि वेगळी साखर लागत नाही.

फ्रीझरचं काम आणखी सोपं. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. म्हणून गोठवलेली बेरी नुसती वितळली तरी रस सोडते. ताजी, महाग, सुंदर फळं सजावटीला ठेवा आणि चवीसाठी गोठवलेली वापरा. गोठवलेले तुकडे बर्फाऐवजी ग्लासात टाकता येतात, तेही वितळताना पाण्याऐवजी रस देतात. मात्र गरम चहा गार करण्याचं काम त्यांच्यावर सोपवू नका, मऊ लगदा होतो.

फळं उकळत्या चहात घालावीत का? मी घालत नाही. स्ट्रॉबेरी तापली की जॅमची चव येते. जॅम मला आवडतो, पण पावावर. अननस आणि पीच उष्णता बरी सोसतात, त्यांचे तुकडे कोमट अर्कात घातले तर चालतं. बाकी फळं गार झाल्यावरच. आंब्याचा गर चवीला उत्तम पण तळाशी बसतो. पिण्याआधी दर वेळी ढवळायची तयारी हवी. कलिंगड स्वतःच इतकं पाणीदार असतं की ते घालून चहा आणखी पातळ होतो. घालायचं तर त्याचा रस पाण्याऐवजी वापरा. केळ्याचा प्रयोग मी एकदा केला आहे. तुम्ही करू नका.

लिंबू-संत्र्यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे चव कमी पडत नाही, नको ती चव येते. सालीखालचा पांढरा भाग कडू असतो हे माहीतच आहे. पण कापलेल्या लिंबूवर्गीय फळात काही कडूपणा नंतरही तयार होतो: पेशींतला एक बेचव घटक आंबट रसात मिसळला की हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात बदलतो. म्हणून चकत्या टाकलेला जग संध्याकाळी ठीक आणि सकाळी कडू लागतो. रस पिळून घाला, तोही शेवटी. सालीचा वास हवा असेल तर फक्त रंगीत भागाची पातळ पट्टी सोलून अर्कात दहा मिनिटं ठेवा आणि काढून टाका. चकती दिसायला हवीच असेल तर ती ग्लासात जाऊ दे, जगात नको.

फार आंबट होतो, किंवा रंगच बिघडतो

लाल रंगाच्या बहुतेक ‘फ्रूट’ चहांत पाया असतो हिबिस्कसचा, जोडीला सुकं सफरचंद आणि रोझहिप. पाकिटावरच्या फळाचा क्रमांक यादीत बराच खाली असतो आणि त्याचा वास बऱ्याचदा वरून घातलेला असतो. यात वाईट काही नाही, फक्त आंबटपणा कुठून येतो ते लक्षात येतं.

हिबिस्कस म्हटलं की आपण जास्वंद म्हणून मोकळे होतो. चहातला हिबिस्कस बहुधा बागेतल्या जास्वंदीचा नसतो. तो असतो लाल अंबाडीचा, आणि त्यातही फुलाच्या पाकळ्या नाहीत तर फळाभोवतीचा मांसल लाल निदलपुंज, ज्याला बोंडं म्हणतात. बागेतल्या जास्वंदीच्या पाकळ्या रंग देतात पण तो आंबटपणा देत नाहीत. त्यामुळे कृतीत हिबिस्कस लिहिलंय म्हणून जास्वंद घातली तर चहा सपक होणार, आणि जास्वंद समजून अंबाडीची बोंडं मूठभर घातली तर दात आंबणार. बोंडांचा कडक अर्क लिंबाच्या रसाच्या जवळ जाईल इतका आंबट असतो. मी मिश्रणात त्यांचा वाटा पाव भागाच्या वर जाऊ देत नाही. बाकी सफरचंद, रोझहिप आणि एखादं पान.

आंबटपणा मारायला मी एकदा चिमूटभर खाण्याचा सोडा घातला होता. काळ्या चहाचा तुरटपणा सोड्याने जातो असं कुठेतरी वाचलं होतं, म्हटलं इथेही जाईल. आंबटपणा गेला. रंगही गेला. चमचा फिरवता फिरवता लाल चहा जांभळा झाला, मग शाईसारखा निळसर, आणि मी घाबरून आणखी ढवळल्यावर करडा. घरच्यांनी जगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाणी मागितलं.

हा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा. आम्लात ती लाल दिसतात, आम्ल कमी झालं की जांभळ्या-निळ्याकडे सरकतात. गोकर्णाच्या निळ्या चहात लिंबू पिळल्यावर तो जांभळा होतो ती हीच करामत उलट्या दिशेने. सोडा न घालताही तुमचा चहा मळकट जांभळा होत असेल तर पाणी जड आहे का बघा. जड पाण्यातले क्षार आंबटपणा खातात आणि रंगही बदलतात. एकदा गाळलेलं, क्षार काढलेलं पाणी वापरून पाहा, किंवा चमचाभर लिंबाचा रस घाला; लाली परत येते. भांडंही तपासा. लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं यांत हा चहा करू नका. आंबट अर्क धातू खातो, आणि लोखंड-ॲल्युमिनियमने रंग काळपट पडतो. स्टील, काच, चिनी मातीला काही होत नाही. साध्या काचेच्या जगात मात्र उकळतं पाणी ओतू नका, तडकतो.

आंबटपणावर साखर हा उपाय आहेच, पण त्याआधी किंचित मीठ घालून पाहा. चिमटीत मावेल त्याच्याही निम्मं. खारट लागत नाही, कडवटपणा दबतो आणि गोडवा वर येतो.

गढूळपणा, बुळबुळीतपणा आणि तळाची साखर

हे तिन्ही लवकर आटपतात. गढूळपणा बहुतेक वेळा चेचलेल्या फळातल्या पेक्टिनचा आणि गाळाचा. चवीला धक्का नाही. नको असेल तर पातळ सुती कापडातून गाळा आणि गाळताना दाबू नका. थेंब थेंब पडू द्या. चहा बुळबुळीत लागला तर दालचिनीवर संशय घ्या, विशेषतः पूड घातली असेल तर. ती पाण्यात फुगून चिकट होते. काडी घाला आणि चहाबरोबरच गाळून काढा, जगात रात्रभर ठेवू नका.

साखर गार पाण्यात विरघळत नाही असं म्हणतात, ते खरं नाही. २० अंशांच्या १०० मिली पाण्यात तब्बल २०० ग्रॅम साखर विरघळू शकते. ती फक्त फार सावकाश विरघळते, आणि तेवढा वेळ कोणी ढवळत नाही. समान वजनाची साखर आणि पाणी गरम करून पाक करून ठेवा, गार चहात तो लगेच मिसळतो. मध असेल तर अर्क कोमट असताना घाला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीही द्यायचं नसतं, हे इथेही लागू.

दुसऱ्या दिवशी वेगळाच लागतो

याची दोन कारणं मी पकडली. एक, झाकण नसलेला जग. फ्रीजमध्ये चिरलेला कांदा असेल तर गार चहा त्याचा वास घेतो, आणि जुना बर्फ तर फ्रीझरचा सगळा इतिहास सांगतो. बर्फाचा एक खडा नुसता चोखून पाहा. चव आली तर ट्रे धुऊन ताजा बर्फ लावा. दुसरं कारण, जगात राहिलेली फळं. ती मऊ पडतात, कडा झिजतात, आणि वर बारीक फेस दिसू लागला तर चहा आंबायला लागलाय. तो ओतून द्या, चाखून खात्री करत बसू नका.

फळं घातलेला चहा मी चोवीस तासांत संपवतो. नुसता गाळलेला अर्क फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. बाहेर दोन तासांहून जास्त काहीच ठेवत नाही.

गार पाण्यातच पानं भिजवून रात्रभर फ्रीजमध्ये मुरवायची पद्धत मला आवडते. आठ ते बारा तासांत येणारा अर्क मऊ असतो आणि कडवटपणा फार कमी उतरतो. फक्त हे भिजवणं फ्रीजमध्येच व्हायला हवं. सुकी पानंफुलं शेतातून आलेली असतात, त्यांच्यावर जंतू असतात, आणि उकळतं पाणी त्यातले बरेच मारतं. गार पाणी मारत नाही. काचेची बरणी उन्हात ठेवून चहा मुरवण्याची हौस त्यामुळेच टाळावी. उन्हातलं पाणी जंतू मरतील इतकं तापत नाही, वाढतील इतकं मात्र तापतं.

औषधं चालू असतील तर एवढं बघा: अंबाडीच्या बोंडांनी रक्तदाब थोडा उतरू शकतो, ज्येष्ठमधाने तो वाढू शकतो आणि शरीरातलं पोटॅशियम घटू शकतं. गोडव्यासाठी ज्येष्ठमध बऱ्याच मिश्रणांत असतं, पाकीट वाचल्याशिवाय कळत नाही. ग्रेपफ्रूटचं काही औषधांशी जमत नाही. गोळ्या घेत असाल किंवा गरोदर असाल तर रोजचा जग लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

फसलेल्या जगाचं काय करायचं

पाणचट झाला असेल तर तेवढ्याच पाण्यात दुप्पट कडक ताजा अर्क करून त्यात मिसळा, किंवा फळांचा पाक वाढवा. त्याच चोथ्यात परत गरम पाणी ओतू नका, त्यात आता तुरटपणाच उरलेला असतो. कडवट झाला असेल तर मीठ, मग थोडा पाक, आणि तरीही जमलं नाही तर संत्र्याचा ताजा रस निम्म्याला निम्मा. करडा झाला असेल तर लिंबू. माझ्या सोड्याच्या जगात लिंबू पिळल्यावर तो गुलाबी झाला होता, चव मात्र सुधारली नव्हती.

यातलं काहीच करायचा कंटाळा आला तर पाणचट चहा बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. माझ्या फ्रीझरमध्ये सध्या दोन ट्रे भरलेले आहेत, एक लाल आणि एक ज्याचा रंग मी सांगणार नाही.